आख आणि पीळ

श्रोतेहो, पावसाळ्याच्या तोंडाशी ओढ्याच्या उतारात रुतलेली बैलगाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. वर शेणखताचे ओझे, खाली चाक तुंब्यापर्यंत चिखलात. गडी बैलांना हाक देतो, बैल मान खाली घालून जोर करतात, आणि एकाएकी कडाड् असा आवाज होतो. आख मोडला! बैल शाबूत आहेत, जू शाबूत आहे, चाकेही शाबूत आहेत. पण गाडी जागच्या जागी बसली. मग गाडीवान म्हणतो, "आखाकडं आधीच बघायला हवं होतं."

आज ज्या गाडीची गोष्ट सांगणार आहे ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. ती खत वाहत नाही, ऊस वाहत नाही. ती फक्त सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जितक्या लवकर जाता येईल तितक्या लवकर जाते. या शर्यतीला तिकडे 'ड्रॅग रेस' म्हणतात. विदर्भातील शंकरपटात जशी जोडी सरळ धावपट्टीवर घड्याळाशी झुंजते, तसाच काहीसा हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांत जुन्या मोटारी जोरात पळवण्याचा छंद वाढला. भर रस्त्यात शर्यती होऊ लागल्या, अपघात होऊ लागले. तेव्हा हा खेळ रस्त्यावरून हलवून विमानतळांच्या धावपट्ट्यांवर नेण्यात आला. सँटा ॲना येथे १९५० साली अशी धावपट्टी सुरू झाली. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली आणि खेळाला नियम आले. या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, श्रीमंतांच्या या खेळाशी आपला काय संबंध?" संबंध आहे. या खेळात पैसेवाले जसे आहेत, तसेच घरच्या पडवीत, स्वतःच्या हाताने, भंगारातले सामान जोडून गाडी तयार करणारेही पुष्कळ आहेत. थोड्या पैशात बळकट गाडी कशी करावी आणि कुठे पैसे वाचवू नयेत, हा त्यांचा प्रश्न आहे. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, की विहिरीवरचे इंजिन असो, तोच प्रश्न आपल्याही दारात उभा असतो.

एक उदाहरण घेऊ. १९६० सालासाठी फोर्ड कंपनीने 'फाल्कन' नावाची लहान गाडी काढली. दोन हजार डॉलरच्या आत मिळणारी, साधी, हलकी, कुटुंबाने वापरावी अशी. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन अवघ्या ९० अश्वशक्तीचे. मागे कमानीचे पाटे, जसे आपल्या ट्रकला असतात तसे. आता समजा, एका तरुणाला अशी जुनी फाल्कन मिळाली. गाडी हलकी म्हणून शर्यतीला सोयीची. त्याने जुने इंजिन काढले आणि १९८७ ते १९९२ या काळातील मस्टँग गाडीचे आठ सिलिंडरचे, २२५ अश्वशक्तीचे इंजिन व त्याचीच पाच गतींची गिअरपेटी बसवली. गाडी गरजू लागली. मित्रमंडळी खूश झाली. पण मागचा आख मात्र तोच राहिला, ९० अश्वशक्तीसाठी केलेला.

इथे थोडे थांबून बैलगाडीचा आख आणि मोटारीचा मागचा आख यांतला फरक समजून घेऊ. बैलगाडीचा आख फिरत नाही. तो गाडीला घट्ट बांधलेला असतो आणि चाके त्याच्याभोवती आपापली फिरतात. गाडी ओढतात बैल. म्हणून त्या आखावर मुख्यतः ओझ्याचा भार पडतो आणि तो मोडतो तो वाकून. मोटारीत मात्र चाकाला कोणी बाहेरून ओढत नाही. चाकालाच फिरवावे लागते. इंजिनाची फिरकी गिअरपेटीतून लांब दांड्याने मागे येते. तिथे पिनियन नावाचे लहान दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. क्राउनला जोडलेल्या डिफरन्शियलमधून दोन पोलादी दांडे निघतात, एक डाव्या चाकाकडे, एक उजव्या चाकाकडे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. या दांड्यांवर पीळ पडतो. ओले धोतर दोन टोकांना धरून पिळतो, तसा. शाळेच्या पुस्तकात याला बलाचे आघूर्ण म्हणतात. आपण इथे पीळच म्हणू.

आता हिशेब करू. गुरुजींनी तो फळ्यावर मांडावा. या नव्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे ४१.५ किलोग्रॅम-मीटर आहे. म्हणजे एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला साडेएकेचाळीस किलो वजन टांगले तर जितका पीळ पडेल तितका. जुन्या इंजिनाचा पीळ याच्या निम्म्याहूनही कमी होता. गिअरपेटीचा पहिला गिअर हा पीळ ३.३५ पट करतो. मागची क्राउन-पिनियनची जोडी ३.७३ ची असेल तर ती तो आणखी ३.७३ पट करते. गुणाकार करा : ४१.५ गुणिले ३.३५ गुणिले ३.७३. उत्तर येते सुमारे ५१९. वाटेत घर्षणात थोडे जाईल, पण मीटरभर पहारीच्या टोकाला पाच क्विंटलांच्या आसपास वजन टांगल्यासारखा हा पीळ आहे. सर्वसाधारणपणे तो दोन्ही दांड्यांत वाटला जातो. परंतु शर्यतीच्या गाडीत दोन्ही चाकांना एकत्र बांधणारे डिफरन्शियल वापरतात. अशा वेळी एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्या दांड्यावर निम्म्याहून पुष्कळ अधिक भार येतो.

मग साध्या रस्त्यावर असे आख रोज का मोडत नाहीत? कारण टायर घसरतात. समजा, गाडीच्या मागच्या चाकांवर साडेसातशे किलो भार आहे आणि साध्या टायरची पकड त्या भाराच्या आठ-दशांश आहे. म्हणजे सहाशे किलो जोरापर्यंत टायर रस्ता धरून ठेवील. चाकाची त्रिज्या एक तृतीयांश मीटर धरली तर आखावर दोनशे किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ येतो. त्यापुढे इंजिनाने कितीही जोर केला तरी चाक जागीच गरगरते आणि आख वाचतो. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखे हे आहे. तार जळते, पण घर वाचते.

शर्यतीला जाणारा माणूस मात्र हा फ्यूजच काढून टाकतो. तो मऊ रबराचे, रुंद, खाचा नसलेले टायर लावतो. सुरुवातीच्या जागी धावपट्टीला चिकट द्रव लावलेला असतो. या टायरची पकड त्यांच्यावरच्या भाराहूनही जास्त होऊ शकते. शिवाय गाडी निघताना तिचे नाक वर उचलले जाते आणि भार मागे सरकतो. त्यात चालक इंजिन जोरात फिरवून क्लच एकदम सोडतो. सैल दोर हिसक्याने ताणला की तो तुटतो, हळू ताणला तर टिकतो, हे तुम्हाला माहीत आहे. तसाच हा हिसका. टायर घसरत नाही, क्लच घसरत नाही, मग साखळीतली सर्वांत कच्ची कडी कोणती? तो जुना आख.

म्हणून इंजिन बदलणाऱ्याला आखही बदलावा लागतो. कोणता घ्यावा? अमेरिकेत फोर्डचा नऊ इंची आख फार नावाजलेला आहे. नऊ इंच हे क्राउन चाकाच्या व्यासाचे माप. १९५७ पासून १९८६ पर्यंत तो कारखान्यातून बसून येत असे. तो दणकट खरा, पण वजनाने जड, दातांच्या घर्षणात शक्तीही थोडी अधिक खातो, आणि मागणी पुष्कळ म्हणून महाग. दुसरा मार्ग म्हणजे ८.८ इंची आख. फोर्डच्याच 'एक्सप्लोरर' या मोठ्या गाडीला १९९५ ते २००१ या काळात हा आख होता. अशा गाड्या भंगारवाड्यात पुष्कळ आल्या, त्यामुळे तो स्वस्तात मिळू लागला. फाल्कनच्या सहा सिलिंडरच्या गाडीत क्राउन सव्वासात इंचांचे होते. त्याच्यापुढे हा आख थोरल्या भावासारखा.

पण क्राउन मोठे असून भागत नाही, दांडेही जाड हवेत. ८.८ इंची आखाच्या साध्या नमुन्यात दांड्याच्या टोकाला २८ खाचा असतात; एक्सप्लोररच्या दांड्याला ३१. खाचा जास्त म्हणजे दांडा जाड, सुमारे दहा टक्क्यांनी. दहा टक्के जाडीने काय होणार, असे वाटेल. इथेच गंमत आहे. भरीव दांड्याचे पिळाविरुद्धचे बळ जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ करा : १.३३१. म्हणजे जाडी एक-दशांशाने वाढली तर बळ एक-तृतीयांशाने वाढले. जाडी दुप्पट केली तर बळ आठपट. पीळ पडतो तेव्हा बाहेरच्या थराला सर्वांत जास्त काम करावे लागते, आणि दांडा जाड झाला की हे काम करणारे पोलाद वाढते, शिवाय ते मध्यापासून दूरही जाते. बांबू आतून पोकळ असूनही बळकट असतो, त्याचे एक कारण हेच.

आख आणला म्हणजे बसला असे नाही. पहिले काम मापाचे. एक्सप्लोररचा आख रुंद, तो तसाच लावला तर टायर पत्र्याबाहेर येतील. शिवाय त्याचा मधला गोळा उजवीकडे सरकलेला असतो. डावी नळी लांब, उजवी आखूड. यावर कारागिरांनी युक्ती काढली आहे. डावी नळी सुमारे तीन इंच कापायची आणि दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा, म्हणजे आखूड दांडा डावीकडे वापरायचा. दोन्ही बाजू सारख्या होतात आणि गोळा मध्यावर येतो. नवा दांडा घडवण्याचा खर्च वाचतो. पण नळी कापून जोडणे हे अंदाजाचे काम नव्हे. दोन्ही नळ्या एका सरळ रेषेत राहिल्याच पाहिजेत. त्यासाठी आतून सरळ पोलादी दांडा घालून ओळंबा साधतात. तिथे केसाएवढा बाक राहिला तर बेअरिंग तापते, तेल गळते आणि दांडा दर फेऱ्याला थोडा थोडा वाकत राहतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कशी तुटते, तसा तो एके दिवशी तुटतो.

दुसरे काम पाट्यांच्या बैठकांचे. कमानीचे पाटे ज्या लोखंडी गाद्यांवर बसतात, त्या जुन्या कापून फाल्कनच्या मापाच्या नव्या लावाव्या लागतात. वेल्डिंग करताना एका दमात करू नये. थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ द्यावे; नाहीतर उष्णतेने नळी वाकते. गोळा ओतीव लोखंडाचा आणि नळ्या त्यात ठोकून बसवलेल्या असतात. मोठ्या पिळाखाली नळी गोळ्यात फिरू नये म्हणून तिथेही जोड देतात. पण ओतीव लोखंड आधी तापवून, वेगळ्या जातीच्या कांडीने जोडावे लागते. ज्याला ते काम येते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट पिनियनच्या कोनाची. चाक पुढे फिरू लागले की त्याची उलट प्रतिक्रिया आखाच्या घरावर होते आणि गोळ्याचे नाक वर उचलते. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल. म्हणून बसवतानाच नाक दोनचार अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर आला की ते रेषेत येते. पाटे फार वळू नयेत म्हणून आडवा आधारही देतात. मधला लांब दांडा नव्या मापाने कापून, तोल साधून घ्यावा लागतो. त्याच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी कडे लावतात. सांधा तुटलाच तर दांडा रस्त्यात रुतून गाडी उलटू नये यासाठी.

चौथी गोष्ट चाके आणि ब्रेक. सहा सिलिंडरच्या फाल्कनला चार बोल्टची चाके होती. एक्सप्लोररच्या आखाला पाच बोल्टची. पुढची चाकेही बदलावी लागतात, नाहीतर दोन प्रकारची जादा चाके बाळगा. एक्सप्लोररला मागे डिस्क ब्रेक असतात आणि जुन्या फाल्कनला चारही बाजूंना ड्रम. ड्रमसाठी केलेल्या ब्रेक सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारी झडप असते. तीच डिस्कला जोडली तर ब्रेक सतत घासत राहील. शिवाय त्या काळातल्या गाडीला ब्रेकच्या तेलाची एकच टाकी, एकच मार्ग. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक गेले. फोर्डने १९६७ च्या गाड्यांपासून दुहेरी मार्ग दिला. जुन्या गाडीला नवा आख लावणाऱ्याने हा दुहेरी सिलिंडर लावलाच पाहिजे. पळणे हौसेचे असते. थांबणे हौसेचे नसते.

क्राउन-पिनियनची जोडी निवडतानाही हिशेब हवा. मोठा आकडा घेतला तर गाडी झटकन सुटते, पण शेवटी इंजिन दमते. समजा, टायरचा घेर दोन मीटरांच्या थोडा वर आहे आणि पाव मैलाच्या शेवटी वेग ताशी १६५ किलोमीटर आहे. चाक मिनिटाला सुमारे १३२५ फेरे घेईल. चौथ्या गिअरमध्ये, ३.७३ च्या जोडीने, इंजिन ४९५० च्या आसपास फिरेल. ४.१० ची जोडी लावली तर तेच सुमारे ५४३० होईल. इंजिन किती सोसते हे पाहून आकडा ठरवावा, शेजाऱ्याने कोणता लावला ते पाहून नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला बाहेरून खीळ असते. ती नीट बसली आहे की नाही ते निघण्यापूर्वी दिसते. या ८.८ इंची आखात तशी खीळ नाही. चाकाला धरणारा दांडा आत, डिफरन्शियलमध्ये, घोड्याच्या नालेसारख्या एका लहान पोलादी कडीने अडकवलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही. दांडा अखंड आहे तोवर ठीक. पण तो मध्ये तुटला तर बाहेरचा तुकडा चाकासकट गाडीतून निघून येऊ शकतो. ताशी दीडशे किलोमीटर वेगात मागचे चाक निघाले तर काय होईल, ते सांगायला नको. आत माणूस बसलेला असतो, कडेला माणसे उभी असतात. म्हणूनच अकरा सेकंदांच्या आत पाव मैल जाणाऱ्या गाड्यांना जास्त बळकट दांडे आणि चाक बाहेरून धरून ठेवणारी जोडणी नियमाने सक्तीची आहे. शहाणा माणूस नियमाची वाट पाहत नाही. चिकट टायर लावायचे ठरले त्याच दिवशी तो ही जोडणी करतो.

पोलाद तुटण्यापूर्वी अनेकदा सांगून तुटते. दांडे बाहेर काढले की टोकाच्या खाचा डोळ्यासमोर धरून पाहाव्यात. त्या सरळ असायला हव्यात. दोरीच्या पेडासारख्या तिरप्या झाल्या असतील तर दांड्याने आपली मर्यादा ओलांडली आहे, असे समजावे. तो भंगारात टाकावा. पुसून पुन्हा बसवू नये. तेल काढल्यावर त्यात पोलादाचे चकचकीत कण मोठे दिसले तर दातांची तपासणी करावी.

गुरुजींनी वर्गात करण्यासारखा एक सोपा प्रयोग सांगतो. खडूचा नवा तुकडा घ्या. दोन्ही टोके बोटांत धरून तो न वाकवता फक्त पिळा. तुटलेले तोंड सपाट नसेल, ते स्क्रूच्या आट्यासारखे तिरपे असेल. दुसरा तुकडा वाकवून मोडा. त्याचे तोंड जवळजवळ सपाट असेल. कसा जोर पडला ते तुटलेली वस्तू आपल्या तोंडाने सांगते. गावातल्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचा मोडका दांडा पडलेला असेल तर मुलांना तोही दाखवा. मात्र पोलाद खडूइतके ठिसूळ नसते, म्हणून त्याचे तोंड वेगळे दिसेल. का ते मुलांनाच विचार करू द्या.

तर मंडळी, या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच. यंत्राच्या एका टोकाला बळ वाढवले की ते मधल्या प्रत्येक भागातून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जाते, आणि ज्याला ते सोसत नाही तिथे मोडते. लहान ट्रॅक्टरला मोठा नांगर लावला, टेम्पोत दुप्पट ऊस भरला, जुन्या पंपावर मोठी मोटर बसवली, तरी हिशेब हाच. भंगारातून आख आणून खर्च वाचवावा; त्यात काही कमीपणा नाही. पण मापात, वेल्डिंगमध्ये, ब्रेकमध्ये आणि चाक धरून ठेवणाऱ्या कडीत काटकसर करू नये. नवे इंजिन घरी आणण्याआधी एकदा गाडीखाली जाऊन आखाकडे बघावे. ओढ्यात बसलेला गाडीवान ते नंतर म्हणतो. आपण आधी म्हणू या.